ओळख न दाखवणारी माणसं

त्याला बाजारात सगळे बिनगॅरंटी म्हणत. नाव पाडलं ते समोरच्या चपलांच्या दुकानदाराने, आणि पाडलं ते योग्यच होतं. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी, घरात काहीही जळलं की लोक त्याच्याकडे घेऊन येत. तो जळकी तार उपसून काढायचा, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे खाचांत बसवायचा, वरून व्हार्निश देऊन मोटार दिव्याखाली वाळत ठेवायचा. हात असा, की त्याने भरलेली मोटार सहसा परत येत नसे. पण गिऱ्हाइकाने "गॅरंटी किती?" म्हटलं की हा मान हलवायचा. "गॅरंटी नाही." आजूबाजूचे फुसके कारागीर छातीठोकपणे सहा-सहा महिन्यांची गॅरंटी द्यायचे, आणि हा एका दिवसाचीही देईना.

"अरे, तू काय उद्या मरणार आहेस का?" चपलावाला विचारायचा.

ही आपली थट्टा. बिनगॅरंटी त्यावर हसायचा नाही आणि चिडायचाही नाही.

खरं सांगायचं तर तिशीत असताना एका डॉक्टरने त्याला समोर बसवून सांगितलं होतं, एचआयव्ही आहे, दोन-अडीच वर्षं धरून चाला. कसं झालं, कोणाकडून झालं, ही चौकशी ज्याला करायची हौस असेल त्याने करावी; या गोष्टीला तिचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा गोळ्या सहज मिळत नव्हत्या आणि डॉक्टर खोटं बोलत नव्हता. हा माणूस शहाण्यासारखा मरणाच्या तयारीला लागला. ठरलेलं लग्न मोडलं. घरातला आपला वाटा भावाच्या नावावर केला. बरे कपडे होते ते वाटून टाकले. मनातून एकेक माणूस वजा करत गेला, म्हणजे जाताना कोणात जीव अडकायला नको. आणि सगळं आवरून झाल्यावर गोळ्या आल्या. ताप उतरला, अंग भरलं, हात पुन्हा तारेवर चालू लागला. मरण आलं नाही ते नाहीच. आवरून बसलेला माणूस बसूनच राहिला.

आता तो बावन्न वर्षांचा होता. गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रातले डॉक्टर म्हणायचे, "गोळी चुकवू नका, आमच्या आधी जाणार नाही तुम्ही." त्याला याचं सुख नव्हतं की दुःख नव्हतं. साबणाची एकच वडी आणायची, चहाची लहानातली लहान पुडी आणायची, वर्षभर पुरेल असं काही घरात ठेवायचं नाही, ही सवय मात्र हाडात मुरली होती. भावाच्या घराच्या वरच्या खोलीत तो राहायचा. भावाला आणि वहिनीला माहीत होतं. वहिनी गरम जेवण वर पाठवायची, आजारपणात उशाशी बसायची, आणि त्या विषयावर अवाक्षर काढायची नाही. विषय काढायचा नाही, हाच त्या घरातला जिव्हाळा. लोकांना दुःख बोलून हलकं होतं म्हणतात. यांनी न बोलून ते इतकं हलकं केलं होतं, की आहे की नाही तेही कळेना.

तो बोलायचा ते एकाच ठिकाणी. सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला गोळ्यांचं केंद्र होतं. दर तीन महिन्यांनी तिथे जायचं, वजन करायचं, समोरच्या लाकडी बाकावर नंबर येईपर्यंत बसायचं. त्या बाकाचा एक कायदा होता. कोणी लिहिलेला नव्हता, कोणी शिकवलेला नव्हता, पण पहिल्याच खेपेला प्रत्येकाला कळायचा. बाकावर काय वाटेल ते बोला. जुलाबांपासून ते नवऱ्यापर्यंत काहीही. पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की ओळख संपली. रस्त्यात समोरासमोर आलात तरी नजर उचलायची नाही. कारण सोबतचा माणूस विचारणारच, "हे कोण? कुठली ओळख?" त्या एका प्रश्नाने संसार मोडलेले सगळ्यांनी पाहिले होते. म्हणून तिथे नावंही नव्हती. हा मोटारवाला होता, आणि त्याच्या शेजारी बसणारी ती पिशवीवाली.

पिशवीवाली साठीला टेकलेली, अंगाने बारीक, जिभेने तिखट. शाळेची दप्तरं शिवायची. नंबरांच्या तारखा दोघांच्या एकच पडल्या होत्या, त्यामुळे वर्षानुवर्षं ते शेजारी बसत आले होते. जुन्या एका गोळीने तिच्या पायांच्या नसा गेल्या होत्या. गोळी बदलली, नसा काही परत आल्या नाहीत.

"काय सांगू मोटारवाल्या, परवा एक चप्पल रस्त्यात राहिली आणि मला पत्ताच नाही," ती एकदा म्हणाली. "एका पायात चप्पल, एक अनवाणी, अशी मी ऐटीत घरी गेले."

"घरी काय म्हणाले?"

"सून दारात होती. तिने पायाकडे बघितलं, गेली आणि रस्त्यातून दुसरी शोधून घेऊन आली. चकार शब्द नाही. फार कमी बोलते ती. मला कधी कधी तिची भीतीच वाटते."

"सांगून का नाही टाकत तिला, ताई?"

पिशवीवालीने त्याच्याकडे असं बघितलं, की तो वरमला.

"नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी माझं अंथरूण पेटवलं होतं. मी अंगणात उभी असताना. मुलगा कडेवर होता. त्याला आठवत नाही, बाप तापाने गेला एवढंच माहीत आहे त्याला. आता परत अंथरूण पेटलेलं बघायची माझ्यात ताकद नाही. तू सांगितलंस का चपलावाल्याला?"

"नाही."

"मग! लोका सांगे ब्रह्मज्ञान."

तिच्या गोळ्या शिवणाच्या बटणांच्या डब्यात असत, बाटलीत कापूस कोंबून, म्हणजे डबा हलवला तरी खुळखुळायला नको. बाकावरच्या निम्म्या लोकांच्या पिशवीत असा कापूस सापडला असता. बिनगॅरंटी त्या तारखेला दाढी करून जायचा. हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनीच्या आलं होतं, पण ती कशाला बोलते?

मग ते झालं. बिनगॅरंटी तारेचं रीळ घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेला होता. रीळ काखेत मारून बाहेर येतो तोच समोर गलका. गटाराच्या कडेला एक बाई पडली होती. एक चप्पल तीन हात मागे राहिलेली, पाय भलत्याच दिशेला वळलेला. पिशवीवाली.

माणसं जमली. कोणी पाणी आणलं, कोणी पाय सरळ करायला गेला तशी ती किंचाळली. हार्डवेअरवाला गल्ल्यावरून उठून आला आणि त्याने मोठ्याने विचारलं, "कोणाच्या ओळखीच्या आहेत का या? घर माहीत आहे का कोणाला?"

बिनगॅरंटी पहिल्या रांगेत उभा होता. तिने डोळे उघडले, चेहऱ्यांवरून फिरवले. तिची नजर त्याच्यापाशी आली आणि पुढे निघून गेली. खांबावरून नजर जावी तशी. तिने बाकाचा कायदा पाळला. त्यानेही पाळला. काखेतलं रीळ घट्ट धरून तो गप्प उभा राहिला. एका रिक्षावाल्याने तिला रिक्षात आडवी घातली, हार्डवेअरवाल्याचा माणूस सोबत बसला, रिक्षा गेली. गर्दी पांगली तसा हाही पांगला.

दुकानात येऊन त्याने मोटार भरायला घेतली. संध्याकाळी बघतो तर एक खाच सुटली होती. असली चूक त्याने शिकाऊ असतानाही केली नव्हती. त्याने तार उसवली आणि पुन्हा भरली. वाईट वाटायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. रात्री जेवला, गोळी घेतली, झोपला.

पुढच्या तारखेला बाकावर तिची जागा रिकामी होती. तो शेवटपर्यंत थांबला. नंबर होऊन गेला, गोळ्या हातात आल्या, तरी उठला नाही. शेवटी समुपदेशन करणाऱ्या बाईंच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"त्या पिशवीवाल्या आल्या नाहीत."

"कोण पिशवीवाल्या?"

"माझ्या शेजारी बसतात त्या. त्यांचं नाव..." इथे तो अडकला. इतक्या वर्षांत नाव विचारलंच नव्हतं.

बाई भल्या होत्या. त्यांना कळलंही असावं. पण त्या म्हणाल्या, "काका, एका पेशंटचं दुसऱ्याला सांगता येत नाही. उद्या तुमच्याबद्दल कोणी विचारलं आणि मी सांगितलं, तर चालेल का तुम्हाला?"

"नाही चालणार," बिनगॅरंटी म्हणाला. खरंच नसतं चाललं.

बाहेर आल्यावर मात्र तो तारखांचा हिशेब करू लागला. तिच्याकडच्या गोळ्या आज-उद्या संपणार. पाय मोडून पडलेली बाई घरच्यांना काय सांगून केंद्रात येणार? आणि गोळ्यांत खंड पडला की काय होतं, ते बाकावरच्या प्रत्येकाने पाहिलं होतं. तिथल्या रिकाम्या झालेल्या जागा काही सगळ्या म्हातारपणाने रिकाम्या झाल्या नव्हत्या. ही मरणार, आणि आपण दोघांनी मिळून पाळलेल्या त्या कायद्यापायी मरणार. त्याला भीती वाटली. इतकी वर्षं स्वतःच्या मरणाचीही वाटली नव्हती, त्यामुळे हे काय होतंय ते उमगायलाच त्याला थोडा वेळ लागला.

तो तडक हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"मध्ये इथे एक बाई पडल्या होत्या. तुमचा माणूस गेला होता बरोबर. त्यांचं घर कुठे?"

"तुमच्या कोण त्या?" हार्डवेअरवाल्याने विचारलं. अगदी सहज विचारलं.

"ओळखीच्या आहेत."

"मग त्या दिवशी इथेच तर उभे होता की तुम्ही! बोलला नाहीत ते?"

हार्डवेअरवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जगात काय एकेक नमुने असतात असं तोंड केलं, आणि माणसाला हाक मारून पत्ता विचारून दिला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना त्याने सबब जुळवली. दार सुनेने उघडलं. तिशीची, किरकोळ, हाताला कणीक लागलेली.

"दप्तरं शिवून हवी होती," तो म्हणाला. "बाई आहेत का? ओळखतात मला."

सुनेने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि बाजूला झाली. आतल्या खोलीत खिडकीला लागून पलंग होता. पिशवीवालीचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले. तिच्या चांगल्या मांडीला डोकं लावून तीन-चार वर्षांची नात झोपली होती. कोपऱ्यात शिवणयंत्र झाकून ठेवलेलं.

"आई, हे आलेत. ओळखतात म्हणे तुम्हाला."

पिशवीवालीने त्याला बघितलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला.

"मी नाही ओळखत यांना," ती म्हणाली.

"दप्तरांचं..." तो पुटपुटला.

"सांगितलं ना, नाही ओळखत! घर चुकलं असेल. जा तुम्ही."

आवाज चढला तशी नात चाळवली. पिशवीवालीने तिच्या पाठीवर थोपटलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बिनगॅरंटी आला तसा बाहेर पडला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा कोणासाठी तरी आपण होऊन जिना चढला होता, आणि हाकलला जाऊन उतरत होता. तिचं चुकलं नाही, असं तो स्वतःला बजावत होता. चुकलं नव्हतंच. पण लागायचं ते लागलंच.

दुसऱ्या मजल्यापाशी मागून पावलं वाजली. सून होती. तसेच कणकेचे हात.

"काका, थांबा. तुम्ही केंद्रातले ना?"

"कसलं केंद्र?"

"मला बनवू नका. दप्तरांच्या गिऱ्हाइकाला आई असं हाकलत नाहीत. वेळ नाही. भाजी आणायला जाते सांगून आले आहे, आणि हातात पिशवी नाही." ती कठड्याला टेकली. धाप लागली होती. "त्यांच्या गोळ्या परवाच संपल्या. बटणांचा डबा मी बघते ना रोज. रात्री त्या रिकामी बाटली हातात घेऊन बसतात. मला कळतं, पण मी काय करू? मी विचारलं तर त्यांना कळेल मला माहीत आहे म्हणून."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"लग्न होऊन आले त्याच वर्षी. बटण शोधत होते. बाटलीवरचं नाव घेऊन दूरच्या एका डॉक्टरांना विचारलं."

"आणि बोलला नाहीत?"

"त्या नाही बोलल्या. मोठ्या आहेत. त्यांना झाकायचं होतं, मी का उघडू?" तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "मला आई नाही, काका. सासूबाईंनीच मला बाळंतपणात लहान मुलीसारखं सांभाळलं. हे ऐका. त्यांचं केंद्राचं कार्ड कुठे आहे ते मला माहीत आहे. मी काढून देते. तुम्ही गोळ्या आणा आणि गुपचूप त्यांच्या हातात द्या. मी त्या वेळी घराबाहेर जाईन. त्यांना वाटेल तुम्हीच आणल्या. मला माहीत आहे हे त्यांना कळायला नको. पाय मोडलाय, त्यात आणखी हा धक्का नको."

चांगली युक्ती होती. बाकाच्या कायद्यात अगदी चपखल बसणारी. बिनगॅरंटी हो म्हणणारच होता. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती गटाराच्या कडेची नजर आली, जी त्याच्यापाशी येऊन पुढे गेली होती. मग वहिनी आली, वीस वर्षं ताट घेऊन जिना चढणारी, तोंड मिटलेली. आपलं सगळं आयुष्य लोकांच्या या चांगुलपणानेच गार केलं, असं त्याला वाटलं, आणि त्याला राग आला. कोणाचा, ते सांगता येईना.

"मी बरोबर येतो," तो म्हणाला. "केंद्र दाखवतो, त्या बाईंना भेटवतो. पण गोळ्या तुम्हीच द्यायच्या. तुमच्या हाताने."

"त्या कोलमडतील!"

"कोलमडू देत. तुम्ही आहात ना घरात?"

"आणि मला माहीत होतं म्हणून रागावल्या तर? इतकी वर्षं फसवलंस म्हणाल्या तर?"

"तर ऐकून घ्या. मला आत्ता घालवून दिलं, मी ऐकून घेतलंच ना."

खालून कोणीतरी बादली आपटत वर येत होतं. ते जाईपर्यंत दोघे अनोळखी माणसांसारखे उभे राहिले. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी."

सकाळी ते केंद्रात गेले. पेशंटची सून कार्ड घेऊन आली आहे म्हटल्यावर समुपदेशनाच्या बाईंनी डॉक्टरांना विचारलं, पाय बरा होईपर्यंतची सोय करून दिली, आणि घरी कोणीतरी येऊन तपासून जाईल असंही सांगितलं. बिनगॅरंटी बाकावरच बसून होता. सून बाहेर आली, तिच्या पिशवीत बाटली खुळखुळत होती. तिला कापूस घालायचं कोण सांगणार? रस्ताभर ती खुळखुळत राहिली, आणि दर वेळी बिनगॅरंटीचं मान वळवून बघणं काही सुटेना.

घरी पोचल्यावर तो जिन्यातच थांबला. दार अर्धवट उघडं राहिलं होतं. सून आत गेली. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. बाटली मात्र पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला.

मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ, की त्याला वाटलं आपण चूक केली.

"त्याने सांगितलं तुला?" पिशवीवालीचा आवाज. तिखटपणा कुठच्या कुठे गेलेला.

"नाही, आई. मला आधीपासून माहीत आहे."

"आधीपासून म्हणजे?"

"लग्न झालं त्या वर्षापासून."

खाली कोणाच्या तरी घरात नळ सोडल्याचा आवाज येत होता.

"ही पोर," पिशवीवाली थांबत थांबत म्हणाली, "बारा दिवसांची होती. माझ्या कुशीत घालून तू आंघोळीला जायचीस. रोज. ते तुला माहीत असून?"

"माहीत असून."

"मी तोंड फिरवून झोपायचे गं. माझा श्वास नको लागायला म्हणून. मला ठाऊक होतं श्वासाने काही होत नाही, तरी फिरवून झोपायचे."

"बघायचे ना मी," सून म्हणाली. "म्हणून तर रोज घालायचे. वाटायचं, एखाद दिवशी तरी वळाल."

आतून जो आवाज आला तो रडण्याचा होता की आणखी कशाचा, हे जिन्यातल्या माणसाला ठरवता आलं नाही. मग पेल्यात पाणी ओतल्याचं ऐकू आलं. बिनगॅरंटी तिथेच पायरीवर बसला. त्याचे गाल ओले झाले होते, आणि वरून उतरणारे शेजारी त्याला वळसा घालून जात होते, तरी त्याने तोंड लपवलं नाही.